शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी: ऐतिहासिक सिनेमा आणि क्राइम सिरीजबद्दल एका संकलकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऐतिहासिक सिनेमा थिएटरात बघताना अंगावर काटा येतो, लोक घोषणा देतात, डोळे भरून येतात, पण आठवड्याभराने त्यातला एकही प्रसंग धड आठवत नाही. उलट एखादी क्राइम सिरीज रात्र जागून संपवली जाते आणि तिच्यातली माणसं डोक्यातून जात नाहीत. असं का? ऐतिहासिक सिनेमाचा शेवट आधीच ठाऊक असतो म्हणून का? आणि दोन्हींत आवर्जून बघावं असं काय आहे?

मी संकलक आहे, म्हणजे सिनेमा-मालिकांची एडिटर. दोन्ही प्रकारची कामं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर येत आली आहेत, त्यामुळे उत्तर त्याच खुर्चीत बसून देते. मतं माझी आहेत आणि ती ठाम आहेत.

शेवट ठाऊक असणं ही मुळीच अडचण नाही. १९७१ साली सुरू झालेली ‘कोलंबो’ ही अमेरिकन मालिका घ्या. तिच्या पहिल्या भागाचं दिग्दर्शन तरुण स्टीव्हन स्पीलबर्गने केलं होतं. खून कोणी केला, कसा केला, हे तिथे सुरुवातीलाच दाखवून टाकतात. मग चुरगळलेला रेनकोट घातलेला तो अधिकारी येतो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो, निघतो आणि दारातून परत वळतो. खुनी आपल्याला माहीत आहे, तो पकडला जाणार हेही माहीत आहे. तरीही आपण जागचे हलत नाही, कारण बघायचं असतं ते एवढंच की याला कळतं कसं.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडणार, हे मराठी मुलाला चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातच कळलेलं असतं. पानिपतचं काय झालं ते तर बोलीभाषेतच उतरलंय. म्हणजे आपला ऐतिहासिक सिनेमा जन्मतः कोलंबोच्या जातीचा आहे. ‘आता काय होणार’ यावर त्याला उभंच राहता येत नाही. ‘कसं झालं’ आणि ‘त्या माणसाने असं का ठरवलं’ यावरच तो उभा राहील. माझी तक्रार नेमकी इथे आहे. आजचे बहुतेक ऐतिहासिक सिनेमे हे ‘कसं’ आणि ‘का’ सोडून देतात आणि त्या जागी आवाज वाढवतात. चांगली क्राइम सिरीज मात्र ‘कसं’ आणि ‘का’ यांच्याच जिवावर आठ-आठ तास चालते.

सिंहगडाचीच रात्र घेऊ. तानाजी पडल्यावर मावळे कच खाऊन माघारी फिरले आणि सूर्याजीने कड्याचे दोर कापून टाकले, ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. माझ्या दृष्टीने त्या रात्रीतला सगळ्यांत मोठा क्षण हाच. तलवारबाजीपेक्षा मोठा, घोरपडीच्या दंतकथेपेक्षा तर कितीतरी मोठा. कारण इथे एक माणूस, ज्याचा सख्खा भाऊ नुकताच गेलाय, बरोबरच्या सगळ्यांची परतीची वाट एका घावात बंद करतो. यात शौर्य आहेच, पण क्रौर्यही आहे, आणि ते त्याला कळतंय. हा प्रसंग माझ्याकडे आला तर मी तो असा लावेन: आधी दोराला हात घातलेला एक कोवळा मावळा. त्याचा चेहरा बघायचा, पुरेसा वेळ बघायचा. मग सूर्याजी. मग कड्याखालचा अंधार, ज्यात दोराचं टोक कुठे गेलंय ते दिसत नाही. दोरावर पडलेल्या पात्याचा आवाज. त्यानंतर चार-पाच सेकंद कोणी बोलायचं नाही आणि वाजवायचंही काही नाही. मग त्या मुलाने वळून सूर्याजीकडे बघायचं. पुढची लढाई अर्ध्या मिनिटात संपवली तरी चालेल, कारण प्रेक्षकाला जे हवं होतं ते मिळालंय.

प्रत्यक्षात टेबलावर येतं काय? हाय-स्पीडवर घेतलेली, म्हणजे पडद्यावर संथ दिसणारी तलवार, ड्रोनवरून घेतलेला गड, आणि नायकाचा उजवीकडून, डावीकडून, खालून घेतलेला क्लोजअप. दोर कापतानाचा शॉट असतो, पण दोराला हात घातलेल्या माणसाचा शॉट घेतलेलाच नसतो. जे चित्रित झालंच नाही ते संकलक कुठून आणणार? एकदा अशाच एका प्रसंगात मी नायक गप्प असलेला सात-आठ सेकंदांचा तुकडा जपून ठेवला होता. निर्मितीकडून निरोप आला की तिथे घोषणा टाका, पब्लिक थंड पडेल. घोषणा टाकली गेली. टाळ्याही पडल्या असतील. पण त्या माणसाने त्या क्षणी काय ठरवलं हे आता त्या सिनेमात कुठेही दिसत नाही.

२०२० च्या ‘तान्हाजी’बद्दल माझं मत विचारलं जातं, म्हणून सांगते. त्याचा वेग चांगला आहे, गडाची उंची आणि खोली पडद्यावर जाणवते, आणि मराठी इतिहासातला प्रसंग देशभर पोहोचला याचा मला आनंद आहे. पण उदयभानाला इतका विक्षिप्त आणि राक्षसी केलाय की त्याला हरवण्यात तानाजीची बुद्धी लागतच नाही. मोगलांनी ज्याच्या हाती असा गड सोपवला तो किल्लेदार मूर्ख किंवा वेडा असेल कसा? शत्रू हुशार असेल तरच आपल्या माणसाची हुशारी दिसते, हे क्राइम सिरीजवाल्यांना पक्कं माहीत आहे. खुनी बावळट असेल तर तपास करणाऱ्याला काम काय उरलं? त्यात ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ आणली आहे. ती दिसायला जबरदस्त आहे, पण तोफेला काही ठरवायचं नसतं.

२०२५ चा ‘छावा’ मी हळहळत बघितला. संभाजीराजांना संगमेश्वरला १ फेब्रुवारी १६८९ रोजी पकडलं आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्या चाळीसेक दिवसांच्या यातना बघून थिएटरात माणसं ढसाढसा रडली. त्या रडण्याचा मी मनापासून आदर करते. पण मला त्या आधीची नऊ वर्षं जास्त हवी होती. एका बाजूला खुद्द औरंगजेब दख्खनेत उतरलेला, दुसरीकडे सिद्दी, तिसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज, घरात कारस्थानं, आणि या सगळ्यात रोज काहीतरी ठरवणारा पंचविशीतला राजा. कुठल्या आघाडीवरून फौज काढायची आणि कुठे पाठवायची, कोणावर विश्वास ठेवायचा, हे त्याने कसं ठरवलं असेल? यातना सोसणारा माणूस बघून आपण हेलावतो. पण तो माणूस आपल्या ओळखीचा होतो तो त्याला विचार करताना बघितल्यावर.

पानिपतचंही तसंच. १४ जानेवारी १७६१ चा एक दिवस दाखवण्यासाठी सगळा खर्च होतो. त्याआधी सदाशिवरावभाऊंची फौज दोन महिन्यांहून अधिक काळ पानिपतला अडकून पडली होती, रसद तुटलेली, जनावरं मरतायत, बरोबर यात्रेकरू आणि बायकामुलं. रोज संध्याकाळी तंबूत एकच प्रश्न: अजून थांबायचं की तुटून पडायचं? अख्खी सिरीज या एका प्रश्नावर उभी राहील. आणि युद्धानंतरचा तो प्रसिद्ध निरोप! नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, वाटेत त्यांच्या हाती एक सावकारी पत्र लागतं. त्यात व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेलं: दोन मोती गेले, इतक्या मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. दोन मोत्यांपैकी एक म्हणजे आपला मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव, हे त्या बापाला वाचता वाचता उमजतं. कागद, दिवा आणि एक माणूस. व्हीएफएक्सचा रुपया लागत नाही. तपासकथेत चिठ्ठीचा उलगडा होतो तसाच हा उलगडा आहे, फरक इतकाच की उलगडा करणाराच त्यात उद्ध्वस्त होतो.

आता लढाईबद्दल, कारण भव्यतेला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. मला भव्य सिनेमा अतिशय प्रिय आहे. पण लढाईच्या प्रसंगात प्रेक्षकाला तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत: कोण कुठे उभा आहे, त्याला कुठे पोहोचायचंय, आणि मध्ये काय आहे. आपली फौज पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल तर ती तशीच जायला हवी. मध्येच दिशा उलटली की बघणाऱ्याला वाटतं, हे पळतायत की काय. हे प्राथमिक नियम आहेत. ते मोडले की उरते ती धूळ, घोड्यांचे पाय आणि किंकाळ्या. मग प्रेक्षक विचार करणं सोडून देतो आणि नुसता आवाज अंगावर घेतो. आठवड्याने काही आठवत नाही त्याचं अर्धं कारण हेच आहे.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९८५ च्या ‘रान’मधला तिसऱ्या किल्ल्याचा हल्ला बघा. कुरोसावा आपल्या सिनेमांचं संकलन स्वतः करायचा, आणि या प्रसंगात त्याने जे केलंय ते बघून मी अजूनही थक्क होते. माणसं मरतायत, बाण सुटतायत, रक्त वाहतंय, आणि लढाईचा एकही आवाज नाही. फक्त तोरु ताकेमित्सूचं संगीत, जणू सगळं खूप उंचावरून कोणीतरी बघतंय. मग एक बंदुकीचा बार होतो, म्हाताऱ्या राजाचा मोठा मुलगा घोड्यावरून कोसळतो, आणि त्या एका बारासरशी सगळा कोलाहल परत येतो. तो बार सख्ख्या भावाच्या माणसाने मागून झाडलेला आहे. म्हणजे एवढ्या प्रचंड लढाईच्या मधोमध कुरोसावाने एक खून ठेवलाय, आणि आवाज त्या खुनासाठी राखून ठेवलाय. किल्ला खरोखर बांधला होता आणि खरोखर जाळला. पण आपल्याला आठवतो तो जळत्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरणारा, वेड लागलेला म्हातारा, आणि त्याला वाट करून देणारे शत्रूचे सैनिक.

डेव्हिड लीनच्या १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चं संकलन अ‍ॅन कोट्सने केलं आणि त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. काडी फुंकली जाते आणि थेट वाळवंटातला सूर्योदय, हा कट प्रत्येक फिल्म स्कूलमध्ये दाखवतात. माझा आवडता प्रसंग मात्र विहिरीचा आहे. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या विहिरीपाशी थांबलेत. क्षितिजावर मृगजळात एक ठिपका. तो हळूहळू मोठा होतो, काळा होतो, उंटावरचा माणूस होतो. वाटाड्या घाबरून पिस्तूल काढतो आणि तिथेच गोळी लागून पडतो. गुन्हा काय, तर दुसऱ्या टोळीच्या विहिरीचं पाणी पिणं. एक खून, एक साक्षीदार, आणि चहूबाजूंनी रिकामं वाळवंट. त्या प्रदेशाचा कायदा, पाण्याची किंमत, टोळ्यांचं वैर, सगळं तिथल्या तिथे कळतं. आज हा ठिपका तीन सेकंदांत माणूस झाला असता. कोट्सने तो येऊ दिला.

आपल्याकडेही हे भान होतं. भालजी पेंढारकरांच्या सिनेमांची नावंच बघा: ‘थोरातांची कमळा’, ‘मोहित्यांची मंजुळा’. इतिहासातली मोठी उलथापालथ, पण दार उघडतं ते एखाद्या घराचं. १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये चंद्रकांत मांढरे महाराज झालेत. आजच्या मानाने साधनं तुटपुंजी, कृष्णधवल चित्रण, संवाद नाटकाच्या वळणाचे. पण बाजूला उभा असलेला शिलेदारही तिथे माणूस वाटतो, गर्दीतलं डोकं वाटत नाही. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओतून आलेल्या त्या कामात कुस्तीच्या आखाड्यातली, शेतातली खरी शरीरं दिसतात. आता जिममधून आलेली शरीरं दिसतात आणि सोळाशे-सतराशेचा काळ तिथेच निसटतो.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर भानू अथय्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या या बाईंनी १९५६ च्या ‘सी.आय.डी.’ या गुन्हेपटापासून वेशभूषेची सुरुवात केली आणि १९८२ च्या ‘गांधी’साठी जॉन मोलोबरोबर ऑस्कर मिळवलं, कोणाही भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. ‘गांधी’तला अंत्ययात्रेचा प्रसंग ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत राजपथावर चित्रित झाला, तीन लाखांच्या आसपास माणसं जमवून. अंतिम सिनेमात तो जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटांचा आहे. या प्रमाणाचा विचार प्रत्येक निर्मात्याने करावा असं मला वाटतं. तीन लाख माणसं जमवलीत म्हणून ती वीस मिनिटं दाखवायची नसतात. आणि भानूताईंचे कपडे कधी ‘मला बघा’ म्हणत नाहीत. ते वापरलेले, धुतलेले, उन्हात वाळलेले दिसतात. हल्ली पडद्यावरचा मावळा सकाळी दुकानातून नवा कोरा अंगरखा घेऊन आल्यासारखा दिसतो आणि माझा हात तिथेच थबकतो.

भव्यतेशिवायही इतिहास सांगता येतो. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’त १८५६ मध्ये अवधचं राज्य इंग्रजांच्या घशात जातं, आणि लढाई एकही नाही. दोन रईस बुद्धिबळ खेळतायत, रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, अस्वस्थपणे कागदपत्रं चाळतोय, आणि नवाब आपला मुकुट उतरवून त्याच्यापुढे धरतोय. राज्य जातं कसं, हे त्यात जितकं कळतं तितकं तोफांच्या सिनेमात कळत नाही. दूरदर्शनवर १९८८ साली आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मधले शिवाजी महाराजांवरचे भागही जरूर बघा. नसीरुद्दीन शहांचे महाराज समोरच्याला जोखतात, ऐकून घेतात, मग बोलतात.

आता क्राइम सिरीजकडे. त्या मनात का राहतात? माझं उत्तर असं की चांगली सिरीज खुनापेक्षा खुनानंतरच्या दिवसांना जास्त जागा देते. डेन्मार्कची २००७ ची ‘फॉरब्रीडल्सेन’ घ्या. पहिल्या पर्वात २० भाग, आणि सगळे मिळून एका मुलीच्या खुनाचा तपास. एक भाग म्हणजे एक दिवस. तपास तर आहेच, पण त्या मुलीच्या आईवडिलांचं स्वयंपाकघर, धाकट्या भावंडांना काय सांगायचं, तिच्या खोलीचं काय करायचं, हे तितक्याच सावकाशीने येतं. नेहमीच्या मालिकेत मृतदेह पहिल्या दहा मिनिटांत शवागारात जातो आणि त्याबरोबर ते माणूसही संपतं. इथे ती मुलगी शेवटपर्यंत घरातून जात नाही.

‘दिल्ली क्राइम’चं २०१९ चं पहिलं पर्व २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणाच्या तपासावर आहे. त्यांनी तो अत्याचार दाखवला नाही. हा निर्णय मला त्या सिरीजमधला सर्वांत थोर निर्णय वाटतो. दाखवलं ते पोलीस ठाणं: वीज गेलेली, गाड्यांना पेट्रोल नाही, घरी दोन दिवस न गेलेले शिपाई, आणि शेफाली शहाने रंगवलेल्या अधिकारी बाईंचा ताणून धरलेला चेहरा. ज्या गोष्टीचा निकाल सगळ्या देशाला ठाऊक होता, तीच गोष्ट माणसांनी श्वास रोखून बघितली. २०२० साली तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला.

आणि ‘द वायर’. २००२ ते २००८, पाच पर्वं, ६० भाग, बाल्टिमोर शहर. लिहिणारा डेव्हिड सायमन त्या शहरात वर्षानुवर्षं क्राइम रिपोर्टर होता, आणि त्याच्या जोडीला एड बर्न्स, जो आधी पोलीस होता आणि नंतर शाळेत शिक्षक. पहिल्या पर्वात अमली पदार्थांचा धंदा, मग बंदर, मग महापालिकेचं राजकारण, मग शाळा, मग वर्तमानपत्र. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागातला एक प्रसंग मी नव्या सहायकांना मुद्दाम दाखवते. दोन डिटेक्टिव्ह एका रिकाम्या स्वयंपाकघरात जुन्या खुनाची जागा तपासतायत. चार-पाच मिनिटं ते एका शिवीखेरीज आणि तिच्या रूपांखेरीज काहीही बोलत नाहीत. फोटो जमिनीवर मांडतात, टेप लावून मोजतात, गोळी कुठल्या कोनातून आली असेल ते अंगानेच करून बघतात, आणि शेवटी फ्रिजच्या दारात रुतलेली गोळी काढतात. मग खिडकीबाहेर जाऊन रिकामी पुंगळी शोधतात. एकही माहितीपर वाक्य नाही, तरी प्रेक्षकाला सगळा खून समजलेला असतो. बघणाऱ्याच्या डोक्यावर एवढा विश्वास आपल्याकडे कोणी टाकेल का, हा प्रश्न मला छळतो.

आपल्या दूरचित्रवाणीवरच्या गुन्हेमालिकांवर माझं प्रेम आहे आणि राग पण आहे. बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी केलेल्या ‘एक शून्य शून्य’ने मराठी घरांना पोलीस तपासाची गोडी लावली. पुढे १९९८ पासून त्यांचीच ‘सीआयडी’ दोन दशकं चालली आणि शिवाजी साटम घरचेच झाले. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक अख्खा भाग कुठेही न कापता एका शॉटमध्ये केला, ही धडाडी मी संकलक असूनही मनापासून मानते. पण एक सवय तिथून सगळीकडे पसरली: थोबाडीत बसते आणि गुन्हेगार सगळं कबूल करतो. आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. म्हणजे खरा तपास कबुलीनंतर सुरू होतो. पंचनामा नीट झाला का, पंच कोर्टात उलटणार तर नाहीत, मुद्देमाल सीलबंद होता का, अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं का, ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र जाईल का. यातल्या प्रत्येक ठिकाणी केस पडू शकते. एवढं नाट्य हाताशी असताना थोबाडीत मारून भाग संपवणं मला आळस वाटतो.

दुसरा आजार म्हणजे लांबवणं. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या खुन्याच्या ‘देवमाणूस’ या मालिकेची सुरुवात मला आवडली होती, गावातली बोली, म्हाताऱ्यांचे टोमणे, डॉक्टरवरचा आंधळा विश्वास, सगळं अस्सल. पण खुनी लोकप्रिय झाला की मालिकेला तो सोडवत नाही, आणि मारल्या जाणाऱ्या बायका केवळ पुढच्या भागाची सोय होऊन बसतात. याच्या उलट २०१७ ची ‘रुद्रम’. मुक्ता बर्वेने साकारलेली बाई नवरा आणि मुलगा गमावल्यानंतर माग काढत जाते. गोष्टीला ठरलेली लांबी होती आणि ती संपल्यावर मालिका संपली. दैनंदिन मालिकेच्या धबडग्यात, आधी तयार करून ठेवलेल्या भागांचा साठा संपत आलेला असताना, वेळेवर थांबणं किती अवघड असतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून त्या चमूबद्दल मला विशेष आदर आहे.

दोन्ही प्रकार एकाच हाताने किती उत्तम होऊ शकतात हे बघायचं असेल तर पुन्हा कुरोसावाकडेच जावं लागतं. ज्याने सामुराईंचे महापट केले त्यानेच १९६३ मध्ये ‘हाय अँड लो’ केला. जोड्यांच्या कंपनीतला एक अधिकारी, सगळी पुंजी एका व्यवहारात लावायला निघालेला. फोन येतो: तुझा मुलगा पळवलाय, खंडणी दे. पैसे द्यायला तो लगेच तयार होतो. आणि मग कळतं की चुकून पळवलाय तो ड्रायव्हरचा मुलगा. आता? जवळजवळ तासभर कॅमेरा त्या दिवाणखान्यातच आहे. ड्रायव्हर कोपऱ्यात उभा, मान खाली, आणि मालक ठरवतोय. ‘रान’मधल्या जळत्या किल्ल्याइतकाच हा दिवाणखाना भव्य आहे.

आणि मराठीत तर हे दोन्ही प्रकार एका जागी भेटलेलेच आहेत. १९४४ चा प्रभातचा ‘रामशास्त्री’ तुम्ही ऐतिहासिक सिनेमा म्हणून बघितला असेल. एकदा क्राइम ड्रामा म्हणून बघा. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, भरदिवसा अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी केलेला खून. संशयित कोण, तर सख्खा चुलता राघोबादादा, जो आता स्वतः पेशवा आहे. आणि तपास करणारा न्यायाधीश त्याच पेशव्याचा नोकर. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई, म्हणजे राघोबादादांची बायको, समोरासमोर येतात तेव्हा तलवार उपसावी लागत नाही. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडणाऱ्या त्या माणसाने आधी किती रात्री विचार केला असेल, ते जागीरदारांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

या प्रकरणावर आजच्या ताकदीची आठ भागांची सिरीज अजून झालेली नाही, याची मला खरीखुरी हळहळ वाटते. सामग्री तर समोर पडली आहे. नजरकैदेतला काका. पगार थकलेले गारदी आणि त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. धरण्याच्या हुकुमात मारण्याचा बदल झाल्याची आख्यायिका, जिच्याभोवती एक अख्खा भाग शंका-कुशंकांत जाऊ शकतो: हुकूम लिहिला कोणी, नेला कोणी, बदलला की मुळातच तसा होता? मग रामशास्त्रींची चौकशी. मग बारभाई, म्हणजे नाना फडणीस, सखारामबापू आणि त्यांची मंडळी, यांचं कारस्थान. खून झालेल्या पेशव्याची विधवा गंगाबाई गरोदर. तिला पुरंदरावर नेऊन जपायचं, कारण मुलगा झाला तर तोच पेशवा. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मतात आणि खुनाचा संशयित सत्तेबाहेर फेकला जातो. तो पुढच्याच वर्षी सुरतेला इंग्रजांशी तह करतो आणि एका घरातला खून मराठ्यांना पहिल्या इंग्रज युद्धात ओढतो. शेवटचा भाग तिथपर्यंत न्यायचा.

कोणी ही सिरीज करायला घेतली तर एवढंच सांगेन की खून पहिल्या भागाच्या पहिल्या वीस मिनिटांत दाखवून टाका, आणि गंगाबाईला संवाद द्या. तोवर ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी ‘रामशास्त्री’, मग ‘हाय अँड लो’, मग ‘दिल्ली क्राइम’चं पहिलं पर्व, याच क्रमाने बघावं. ‘द वायर’ला सवड लागते, पहिले तीन भाग धीर धरा, चौथ्यात ते स्वयंपाकघर येतं.